शास्त्रातलं राजाघरचं लग्न: नवरी कुठं आहे?

खानापूर_उपासना

आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या) चार रविवारी संध्याकाळी तरुण मंडळींसाठी चाळीस-चाळीस मिनिटांचा अभ्यास घ्यायचा आहे. विषय ठरलाय, शास्त्रातलं (म्हणजे बायबलमधलं) राजाघरचं लग्न. उतारे काढलेत ते असे: स्तोत्र 45, मत्तय 22:1-14, मत्तय 25:1-13 (दहा कुमारींचा दाखला) आणि प्रकटीकरण 19:6-9. शेवटच्या रविवारी पंधरा मिनिटांची नाटिका. ऐकणारे बहुतेक मराठी, काहींच्या घरी कोकणी, आणि चार-पाच जण कन्नड बायबल घेऊन बसणारे.

अडचण अशी की चारही उतारे एकाच लग्नातले प्रसंग धरून ओळीनं लावायला गेलं (आधी बोलावणं, मग वरात, मग पंगत) तर काही केल्या बसत नाहीत. मत्तय 22 मध्ये राजा आहे, राजपुत्र आहे, पाहुणे आहेत, नवरीचा मात्र पत्ताच नाही. मत्तय 25 मध्येही नाही. मग प्रकटीकरणात ती एकदम कुठून आली?

दुसरं, मत्तय 22 मध्ये ज्याला रस्त्यावरून उचलून आणलं त्यालाच ‘लग्नाचा पोशाख का नाही’ म्हणून हातपाय बांधून बाहेर टाकायचं, हे पोरांना पटत नाही. ‘राजानं दारातच पोशाख वाटले होते’ असं उत्तर नेहमी दिलं जातं. ते कितपत खरं?

आणि नाटिकेत बाशिंग, मुंडावळ्या, अक्षता घ्याव्यात की नकोत?

---

निपाणी_वाचनकट्टा

ओळीनं लावायचा नादच सोडा. ही एका लग्नाची चार चित्रं नाहीत, चार वेगळी लग्नं आहेत. प्रत्येकात ऐकणाऱ्याला वेगळ्या जागी बसवलंय. मार्क 2:19 मध्ये शिष्य म्हणजे नवरदेवाचे सोबती, म्हणून त्यांना उपास नाही. योहान 3:29 मध्ये बाप्तिस्मा करणारा योहान नवरदेवाचा मित्र, त्याचा आवाज ऐकूनच खूश. मत्तय 22 मध्ये आपण वऱ्हाडी. मत्तय 25 मध्ये वराला सामोऱ्या जाणाऱ्या करवल्या म्हणा हवं तर. इफिस 5 आणि प्रकटीकरणात तीच माणसं नवरी. प्रकटीकरण 19 मध्ये तर सातव्या-आठव्या वचनात मंडळी (म्हणजे सगळा ख्रिस्ती समाज) नवरी आहे आणि नवव्या वचनात ‘मेजवानीला बोलावलेले धन्य’ म्हणजे पुन्हा तीच मंडळी. नवरी आणि पाहुणे एकच! नाटिकेत हे दाखवायला गेलात तर घोटाळा होणार, कारण एकाच पोरीला दोन जागी उभं करावं लागेल.

म्हणून मत्तय 22 मध्ये नवरी शोधू नका. तिथं प्रश्न बोलावणं मानलं की नाही एवढाच आहे, नवरी आणली असती तर लक्ष तिच्याकडे गेलं असतं. गंमत म्हणजे ही उणीव जुन्या काळी शास्त्राच्या प्रती उतरवणाऱ्यांनाही खटकली होती. मत्तय 25:1 मध्ये काही प्राचीन हस्तलिखितांत ‘वराला’च्या पुढं ‘आणि वधूला’ असे शब्द घातलेले सापडतात. आपल्या छापील शास्त्रात ते नाहीत, ते बरोबरच आहे.

लूक 14:16-24 शेजारी ठेवून वाचा. तिथं राजा नाही, लग्नही नाही, साधा एक गृहस्थ रात्रीचं जेवण घालतो. सबबी मात्र सविस्तर: शेत घेतलंय, बैलांच्या पाच जोड्या घेतल्यात, बायको केलीय. मत्तयनं सबबी दोन शब्दांत उरकल्या (एक शेताला गेला, एक व्यापाराला) आणि भर घातली ती राजाच्या मानापमानाची. राजाच्या मुलाचं लग्न नाकारणं म्हणजे नुसता उद्धटपणा नव्हे, वारसाला नकार. म्हणून तिथं सैन्य येतं, गाव जळतं. बरेच अभ्यासक इथं इ.स. 70 मधल्या यरुशलेमच्या नाशाची सावली पाहतात.

बोलावणं दोनदा आहे, हे पोरांना नक्की दाखवा. पत्रिका आधीच गेलेली, आता ‘ताट वाढलंय, चला’ हे दुसरं आवतण. आपल्याकडेही पंगत बसायच्या वेळी पोराला घरोघर पिटाळतात. घाई कशाची, ते चौथ्या वचनात आहे: बैल आणि पुष्ट जनावरं कापून झालीत. बेळगावचे मांडे चार दिवस टिकतात, त्या काळच्या उन्हात मटण टिकत नाही. शिवाय मूळ ग्रीकात ‘आरिस्तोन’ म्हणजे दुपारचं जेवण म्हटलंय. दिवसाउजेडी सुरू झालेली गोष्ट तेराव्या वचनात बाहेरच्या अंधारात संपते.

नवव्या वचनातला ‘चवाठे’साठीचा शब्द नुसत्या चौकाचा नाही. गावातला रस्ता जिथं गाव सोडून बाहेर पडतो ती जागा, म्हणजे वेस. नोकर वेशीपर्यंत गेले.

---

संकेश्वर_मंडळी

पोशाखाबद्दल. राजानंच पोशाख दिले होते हे उत्तर मला तरी योग्य वाटतं. 2 राजे 10:22 मध्ये वस्त्रागारातून सगळ्यांना झगे काढून दिलेत, उत्पत्ती 45:22 मध्ये योसेफ भावांना कपडे देतो. रस्त्यावरचा माणूस लगेच शालजोडी कुठून आणणार? दिलेली असूनही घातली नाही, म्हणून राजाचा राग. कृपा फुकट आहे पण ती अंगावर घ्यावी लागते, हा मुद्दा यातून सरळ निघतो.

---

निपाणी_वाचनकट्टा

मुद्दा चांगला आहे, पुरावा कच्चा. 2 राजे 10 मधले झगे बआलाच्या उपासकांना ओळखून मारण्यासाठी दिलेत, तो लग्नाचा दाखला नव्हे! योसेफाचे कपडे म्हणजे प्रवासाची भेट. पहिल्या शतकात यजमान लग्नाच्या पाहुण्यांना दारात पोशाख वाटत असे, असा त्या काळचा सरळ पुरावा मिळत नाही. दाखल्यातही ‘दिले’ असा शब्द नाही. पोरांपुढं तो रिवाज म्हणून ठाम सांगू नका, उद्या कुणीतरी मोबाईलवर शोधून अडवेल.

त्यापेक्षा यहूदी परंपरेतला जुळा दाखला सांगा. तालमूदमध्ये (शब्बात 153अ) योहानान बेन जक्काईच्या नावानं एक गोष्ट आहे. राजा सेवकांना जेवायला बोलावतो, वेळ सांगत नाही. शहाणे नटूनथटून वाड्याच्या दाराशी बसतात. मूर्ख कामाला जातात. अचानक हाक येते, शहाणे नीटनेटके आत, मूर्ख मळक्या कपड्यांत आत. राजा म्हणतो, हे बसून जेवतील, तुम्ही उभं राहून बघा. म्हणजे ‘लग्नाचा पोशाख’ याचा साधा अर्थ धुवट कपडा असाही लागतो. भरजरी नव्हे, स्वच्छ. तो वेशीवरच्या माणसालाही जमतो. मला हे वाचन जास्त पटतं, कारण दहाव्या वचनात ‘वाईट आणि चांगले’ सगळेच गोळा केलेत आणि तरी बाकी सगळ्यांकडं पोशाख आहे.

पोशाख म्हणजे नेमकं काय, यावर मोठमोठ्यांचं एकमत नाही. ऑगस्टीन म्हणतो प्रीती. ल्यूथरच्या बाजूचे विश्वास म्हणतात. कॅल्विननं तर विश्वास की कृत्यं हा वाद इथं घालूच नये म्हटलंय. मला विचाराल तर प्रकटीकरण 19:8 शेजारी ठेवावं. तिथं एकाच वाक्यात दोन्ही आहे: वस्त्र तिला ‘नेसायला दिलं’ आणि ते वस्त्र म्हणजे ‘पवित्र जनांची नीतीची कृत्ये’. संकेश्वरकरांचा ‘दिलं’ हा शब्द इथून घ्यावा, राजवाड्याच्या रिवाजातून नको.

आणखी एक. बाराव्या वचनात ‘त्याच्या तोंडून शब्द निघेना’ आहे ना, त्या ग्रीक क्रियापदाचा मूळ अर्थ मुसकं बांधणं. मळणीच्या बैलाला मुसकं घालू नका (1 तीमथ्य 5:18) तिथं तोच शब्द, आणि याच अध्यायात 34 व्या वचनात सदूकींची तोंडं बंद केली तिथंही तोच. नाटिकेत त्या माणसाला एकही संवाद देऊ नका. ‘मित्रा, आत कसा आलास?’ एवढं विचारलं की पाच सेकंद शांतता. तेच जास्त बोलेल.

---

कॅम्प_वाचक

कॅथलिक बाजूनं थोडं घालतो, कारण तुमच्याकडं कोकणी घरं आहेत म्हणालात.

आधी आकड्यांची गफलत. स्तोत्र 45 चं शीर्षक (‘कोरहाचे पुत्र’, ‘प्रेमगीत’ वगैरे) हिब्रू प्रतीत पहिलं वचन म्हणून मोजतात, त्यामुळं पुढचे आकडे एकानं सरकतात. मिस्साच्या (कॅथलिक उपासनेच्या) वाचनपुस्तकात ‘45:10, 11, 12, 16’ छापलेलं असतं, तेच मराठी शास्त्रात 9, 10, 11, 15 येतं. शिवाय जुन्या लॅटिन क्रमात हे अख्खं स्तोत्रच 44 वं. दोन पुस्तकं घेऊन बसलेल्या गटात पहिली दहा मिनिटं यातच जातात. फळ्यावर आधीच लिहून ठेवा.

स्तोत्राची रचना मराठी आकड्यांनी अशी: 1 कवी स्वतःबद्दल, 2 ते 9 राजा, 10 ते 15 नवरी, आणि 16-17 पुन्हा राजा. शेवटच्या दोन वचनांतलं ‘तुझे’ हिब्रूत पुल्लिंगी आहे. मराठीत ‘तुझे’ दोघांनाही चालतं, म्हणून ‘तुझे पुत्र अधिपती होतील’ हे नवरीला म्हटलंय असं बरेच जण समजतात.

‘राणी तुझ्या उजव्या हाताला ओफीरच्या सोन्यानं मढून उभी’ हे वचन 15 ऑगस्टला, मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला मिस्सात म्हणतात. (झेंडावंदन उरकून धावतपळत आलेल्यांना ते ऐकूच येत नाही, तो भाग वेगळा.) लग्नाचं स्तोत्र आईला कसं लावलं, असा प्रश्न येईल. 1 राजे 2:19 दाखवा: शलमोन आई बथशेबाला उजव्या हाताला आसन देतो. यहूदाच्या राजघराण्यात राजमातेचा मान मोठा होता. इब्री 1:8-9 मध्ये मात्र याच स्तोत्रातलं राजाविषयीचं वचन थेट पुत्राला लावलंय. प्रॉटेस्टंट मंडळींना तिथून सुरुवात करणं सोपं.

दहावं वचन जपून. ‘आपले लोक आणि बापाचं घर विसर’ हे ऐकताच आपल्याकडं सासर-माहेर आठवतं आणि कुणीतरी ते सुनांना शिकवायला घेतो. भक्तिपरंपरेनं ते अब्राहामाच्या बोलावण्याशी (उत्पत्ती 12:1, ‘बापाचं घर सोड’) जोडलंय, सासुरवाशिणीच्या वळणाशी नाही. उत्पत्ती 2:24 मध्ये तर आईबापांना पुरुष सोडतो! दोन्ही वचनं एकत्र वाचा.

सातव्या वचनातलं ‘हर्षाचं तेल’ ऐकून कोकणी घरांना लग्नाच्या आदल्या दिवशीचा रोस (नारळाचा रस अंगाला लावण्याचा विधी) आठवेल, मराठी घरांना हळद. दोन्हीत अंगाला लावणं आहे, पण स्तोत्रातलं तेल नुसतं न्हाणं नव्हे, त्यातच अभिषेकाची छटा आहे. ‘ख्रिस्त’ म्हणजेच अभिषिक्त. हा धागा सोडू नका.

गीतरत्नाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी 3:6-11 घ्याच. शलमोनाची पालखी, 60 वीर, चांदीचे खांब, जांभळं आसन, आणि ‘लग्नाच्या दिवशी आईनं घातलेला मुकुट’. हे आठ अध्यायांचं पुस्तक राजा आणि नवरीच्या बोलण्याचं आहे. तिसऱ्या शतकात ओरिगेननं त्यातली नवरी म्हणजे मंडळीही आणि एकेक जीवही, असं दुहेरी वाचन रूढ केलं. क्लेअरवोच्या बर्नार्डनं त्यावर 86 प्रवचनं लिहिली आणि 1153 मध्ये वारला तेव्हा जेमतेम तिसऱ्या अध्यायाच्या तोंडाशी पोचला होता. आविलाच्या तेरेसानं 1577 मध्ये आत्म्याचा सात दालनांचा वाडा रंगवला, त्यात सहाव्यात वाङ्निश्चय आणि सातव्यात लग्न.

आपल्या भागात हे परकं वाटायचं कारण नाही. ज्ञानदेवांच्या विरहिणी मराठीला ठाऊक आहेत, आणि कन्नड शेजाऱ्यांना ‘शरण सती, लिंग पती’ (भक्त पत्नी, शिव पती) आणि चेन्नमल्लिकार्जुनाला पती मानणारी अक्कमहादेवी लहानपणापासून ऐकून ठाऊक असते. फरक एवढा सांगा की तिथं एकटा जीव नवरी होतो. शास्त्रात आधी अख्खं राष्ट्र किंवा नगर नवरी होतं, एकटा जीव पुढच्या भक्तीत आला.

---

खानापूर_उपासना

फार उपयोगी पडलं. मग चार रविवार कसे लावू? आणि नाटिकेचं?

---

निपाणी_वाचनकट्टा

पहिला रविवार साखरपुड्याला द्या. होशेय 2:19-20 आणि 2 करिंथ 11:2. त्या काळी लग्न दोन टप्प्यांत होई: आधी वाङ्निश्चय, मग काही काळानं नवरीला घरी नेणं. आपला साखरपुडा मोडला तर बोलाचाली होते, तिथं सोडचिठ्ठी लागे. मत्तय 1:19 मध्ये योसेफ तेच करू पाहतो. मंडळी आज या दोन टप्प्यांच्या मधे आहे, म्हणून हा विषय आगमनकाळात शोभतो. होशेयात देव पाच गोष्टी देऊन वाग्दान करतो: नीती, न्याय, दया, करुणा, विश्वासूपण. हे वराकडून दिलं जाणारं देज आहे. चुकूनही ‘हुंडा’ म्हणू नका, उलटं होईल.

दुसऱ्याला स्तोत्र 45, तिसऱ्याला मत्तय 22. चौथ्याला मत्तय 25 ची नाटिका आणि शेवटी प्रकटीकरण 19 नुसतं वाचन, विवेचन नको. यहेज्केल 16 मोहात पाडेल (तिथंही राणी, मुकुट, रेशीम सगळं आहे) पण पुढचा भाग बारा-तेरा वर्षांच्या पोरांपुढं वाचण्यासारखा नाही.

अक्षता, अंतरपाट नको. धर्माचा प्रश्न बाजूला ठेवा, या चारही उताऱ्यांत लग्नविधीच नाही! पंगत आहे, वरात आहे, कपडे आहेत, विधी कुठेच नाही. बाशिंग मात्र जरूर घ्या. मिश्ना या जुन्या यहूदी नियमसंग्रहात (सोटा 9:14) नोंद आहे की रोमी सेनापती वेस्पासियनच्या युद्धात शोक म्हणून नवरदेवांचे मुकुट बंद केले. म्हणजे साधा नवरदेवही त्या दिवशी राजासारखा मुकुट घालत असे. आपण त्याला नवरदेव म्हणतो ते त्याच जातीचं. मध्ययुगीन भक्तीनं गीतरत्नातला हा मुकुट काट्यांच्या मुकुटाशी जोडला. बाशिंग आणि बाभळीच्या काट्याची चुंबळ शेजारी ठेवली तरी पुरे.

---

संकेश्वर_मंडळी

दहा कुमारींच्या हातात पणत्या देऊ नका. ग्रीक शब्द ‘लाम्पास’, तो मशालीला जास्त जवळचा. काठीच्या टोकाला तेलात भिजवलेल्या चिंध्या, थोड्या थोड्या वेळानं पुन्हा तेल घालावं लागतं. गोंधळ्याची दिवटी आणि बुधली ज्यानं पाहिली त्याला लगेच कळतं: मूर्खांनी दिवटी आणली, बुधली आणली नाही. मग ‘शहाण्यांनी तेल दिलं का नाही’ हा प्रश्नही सुटतो. पाच बुधल्या दहांत वाटल्या तर वरात अर्ध्या वाटेत असताना दहाही विझतील. (दिवटी शब्दाला कुणी वडीलधारे हरकत घेतील, तर मशाल म्हणा.)

झोपल्या दहाही जणी, म्हणून झोपेवर प्रवचन नको. आणि आपल्याकडं लग्नाला मुहूर्त असतो, पत्रिकेवर मिनिटासकट. इथं मुहूर्तच नाही, सगळा दाखला त्यावर उभा आहे. निवेदकाच्या पहिल्याच वाक्यात हे घाला, नाहीतर पोरं म्हणतील नवरदेव उशिरा आला ही त्याचीच चूक.

आगीचं: सभागृहात, कापडी मांडवाखाली जिवंत मशाल अजिबात नको. अंगणात करणार असाल तर काठी अडीच फूट, चिंध्या सुती, वरून तारेनं आवळलेल्या. नायलॉनची चिंधी वितळून थेंब पडतात. गोडेतेलात भिजवलेली चिंधी पटकन पेट घेत नाही, टोकाला कापराची वडी खोचा. रॉकेल, पेट्रोल नको. वाळूची बादली दोन्ही टोकांना, ओढण्या बांधून. आत करायचं असेल तर बॅटरीचे दिवे, आणि पाच जणींच्या बॅटऱ्या आधीच काढून ठेवा.

---

कॅम्प_वाचक

दोन शब्दांबद्दल. प्रकटीकरण 19:8 मध्ये मराठीत ‘तागाचं तलम वस्त्र’ येतं. ताग म्हटलं की पोरांच्या डोळ्यापुढं गोणपाट उभं राहतं. मूळ कापड लिननचं, म्हणजे आपण ज्याची चटणी करतो त्या जवसाच्याच जातीच्या झाडाच्या देठातला धागा. मूठभर जवस आणि लिननचा एक रुमाल दाखवलात तर समजवायला अर्धं मिनिट लागेल. रंगाबद्दल तिथं ‘चकचकीत’ म्हटलंय. स्तोत्र 45 ची नवरी तर सोनेरी विणीच्या, वेलबुट्टीच्या कपड्यात आहे, तेव्हा नाटिकेत पांढरी साडीच हवी असं काही नाही.

दुसरा, वराचा. मराठीत वर, कन्नड बायबलात मदलिंग, कोकणीत न्हवरो. मध्यरात्रीची हाक, ‘पाहा, वर आला’, ती तिन्ही भाषांत तीन वेगळ्या कोपऱ्यांतून द्या, मराठी सगळ्यात शेवटी.

---

खानापूर_उपासना

मध्यरात्रीच्या हाकेसाठी कन्नडवाली दोन पोरं तयार आहेत. बुधल्या पाच मिळाल्या, पितळी, पण एकीचं झाकण फिरत नाही. ती मूर्खांपैकी एकीला द्यावी का, की त्यांच्या हाती बुधली नसणंच ठीक?

---

संकेश्वर_मंडळी

नसणंच ठीक, 25:3 मध्ये तेल ‘बरोबर घेतलंच नाही’ म्हटलंय. झाकणाला गरम पाणी आणि चिंच लावून बघा, पितळेवर बहुतेक हिरवा गंज चढला असेल.